फाइलवर ‘पॅलिएटिव्ह’ लिहिलेले असते तेव्हा

‘पॅलिएटिव्ह’ या वैद्यकीय शब्दाचा अर्थ त्रास शमवणारा असा आहे. एखादा रोग मुळापासून जाण्यासारखा नसला, तरी त्या रोगामुळे होणारी वेदना, लागणारी धाप, उलट्या, तोंडाची कोरड, उडालेली झोप आणि मनात बसलेली भीती कमी करता येते. हे काम पद्धतशीरपणे करण्याचे शास्त्र म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. मराठीत तिला उपशामक उपचार किंवा परिहार सेवा म्हणतात. तरी रुग्णालयाच्या फाइलवर, डिस्चार्ज कार्डावर आणि दुसऱ्या डॉक्टरांना दिलेल्या चिठ्ठीवर बहुधा इंग्रजी शब्दच असतो.

हा शब्द खेड्यातल्या घरापर्यंत कसा पोचतो, हे तेलगाववरून पाहू. ते बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातले गाव. माजलगावहून धारूर-केजकडे जाणारा आणि बीडहून वडवणीमार्गे परळीला जाणारा, असे दोन महामार्ग इथे एकत्र येतात. इथल्या पंचक्रोशीतला गंभीर आजाराचा रुग्ण अंबाजोगाईला किंवा बीडला जातो. कॅन्सर असेल तर बार्शी, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर थेट मुंबईचे टाटा रुग्णालय गाठले जाते. तिथून परतताना पिशवीतल्या फाइलवर हा शब्द येतो. घरात मात्र तोंडी निरोप पोचतो तो असा: डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या, सेवा करा. या निरोपातला ‘हात टेकले’ हा भाग चुकीचा असतो. ‘सेवा करा’ हा भाग खरा असतो. पण ती सेवा कशी करायची, कोणते औषध किती वाजता द्यायचे आणि अडचण आली तर कोणाला विचारायचे, हे बहुतेक घरांना कोणी सांगितलेले नसते. तेवढे कळले तर त्याच घरातले, त्याच आजाराचे पुढचे दिवस पुष्कळ सुसह्य होतात.

शब्द कुठून आला

लॅटिन भाषेत ‘पॅलियम’ म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र. त्यावरून पांघरूण घालणारा, झाकणारा अशा अर्थाने ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द झाला. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तिथून या शाखेला आजचे रूप आले. साँडर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. रुग्णाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चार पदरी असते, एक पदर सोडून दिला तर बाकीचे सैल होत नाहीत, ही मांडणी त्यांची. ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव १९७०च्या दशकाच्या मध्यावर कॅनडातल्या माँट्रियल शहरात बाल्फोर माउंट या डॉक्टरांनी रूढ केले. तिथल्या फ्रेंच भाषकांना ‘हॉस्पिस’ म्हटले की निराधारांचा आश्रम आठवत असे, म्हणून त्यांनी नवे नाव शोधले.

ही कल्पना आपल्याकडे मुळीच परकी नाही. आयुर्वेदात रोगांचे साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये ‘याप्य’ असा एक वर्ग आहे. याप्य रोग पूर्ण बरा होत नाही, पण उपचार चालू असेतोवर आवरून धरता येतो. पडू घातलेल्या घराला नीट लावलेला टेकू, अशी उपमा सुश्रुतसंहितेत त्यासाठी दिली आहे. ‘शुश्रूषा’ हा मराठीतला रोजचा शब्दही इथे उपयोगी आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे; सेवा हा अर्थ त्यातूनच आला. आजाऱ्याचे ऐकून घेणे ही सेवेची पहिली पायरी आहे, हे भाषेनेच सांगून ठेवले आहे.

फाइलवरचे शब्द कसे वाचावेत

‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द एकटा क्वचित येतो. तो कशाला जोडून आला आहे, हे आधी पाहावे.

पॅलिएटिव्ह केमोथेरपी किंवा रेडिओथेरपी: गाठ लहान करून किंवा तिची वाढ रोखून त्रास कमी करण्यासाठी दिलेले औषध किंवा शेक. हाडात पसरलेल्या कॅन्सरची कळ रेडिओथेरपीच्या थोड्या शेकांनी, कधी एकाच शेकाने, बरीच उतरते. हा उपचार रोग बरा करण्यासाठी नसतो, पण तो ‘फुकट’ही नसतो. किती फायदा अपेक्षित आहे आणि त्यासाठी किती खेपा घालाव्या लागतील, हे सुरू करण्यापूर्वीच विचारावे.

सपोर्टिव्ह केअर: मूळ उपचार चालू असताना त्याच्या जोडीने दिलेला आधार, उदाहरणार्थ उलटीचे औषध, रक्त, पोषण.

कम्फर्ट केअर किंवा एंड ऑफ लाइफ केअर: शेवटचे दिवस किंवा आठवडे चालू आहेत आणि आता सगळा भर आरामावर आहे, असा याचा अर्थ. ही पॅलिएटिव्ह केअरची शेवटची पायरी आहे. ‘पॅलिएटिव्ह’ लिहिले म्हणजे ती सुरू झाली असे नाही.

हॉस्पिस: ही सेवा राहून घेण्याची जागा. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले.

डीएनआर किंवा डीएनएआर: हृदय थांबल्यास छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, अशी नोंद. बाकीचे सगळे उपचार चालूच राहतात.

डामा: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला घरी नेणे. हा पॅलिएटिव्ह केअरचा भाग नाही. पैसे संपले किंवा धीर सुटला म्हणून या कागदावर सही केली की बऱ्याचदा वेदनेचे औषध, पुढची तारीख, घरच्या काळजीची माहिती यातले काहीही हाती न पडता रुग्ण घरी येतो. घरी न्यायचेच असेल तर सही करण्याआधी पॅलिएटिव्ह विभागाची चिठ्ठी आणि वेदनेची औषधे मागावीत.

ही सेवा कोणासाठी आणि केव्हा

कॅन्सरशी हा शब्द घट्ट जोडला गेला आहे, पण सेवा त्याच्यापुरती नाही. निकामी होत चाललेले हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत, फुफ्फुसांचा जुनाट दमा, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला रुग्ण, स्मृतिभ्रंश, एचआयव्ही, जन्मजात गंभीर आजार असलेली मुले या सर्वांना तिची गरज असते. डायलिसिस, केमोथेरपी किंवा हृदयाची औषधे चालू असतानाही ती घेता येते. एक उपचार सोडला तरच दुसरा मिळतो, असा नियम नाही.

लवकर सुरुवात करण्याचा फायदा मोजलेला आहे. अमेरिकेत फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निदान झाल्यापासूनच पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्या रुग्णांचे खचलेपण कमी होते, शेवटी त्यांच्यावर जड उपचारांचा मारा कमी झाला आणि तरीही ते इतर रुग्णांपेक्षा सरासरी अडीच महिन्यांहून जास्त काळ जगले. म्हणून फाइलवर हा शब्द येण्याची वाट पाहू नये. आजार मोठा आहे असे कळल्यावर नातेवाइकांनीच विचारावे: त्रास कमी करण्यासाठी वेगळे डॉक्टर किंवा विभाग आहे का?

वेदना: सांगायची कशी, शमवायची कशी

पसरलेल्या कॅन्सरमध्ये बहुतेक रुग्णांना वेदना होते आणि बहुतेकांची ती औषधांनी आटोक्यात आणता येते. त्यासाठी डॉक्टरांना ती नेमकी कळावी लागते. मराठीत दुखण्याला कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द डॉक्टरांना वाट दाखवतो. ठणका, जडपणा आणि ओढ वेगळी. पोटात येणारी कळ वेगळी. आग होणे, मुंग्या येणे, करंट बसल्यासारखी चमक वेगळी. शेवटचे तीन प्रकार बहुधा नसेच्या दुखण्याचे असतात आणि त्याची औषधे निराळी असतात. ‘लई दुखतंय’ एवढेच न सांगता कुठे, केव्हापासून, कसे, कशाने वाढते, रात्री झोप लागते का, हे सांगावे. रुपयात किती आणे दुखते, असे विचारले तर जुन्या माणसांनाही माप देता येते. औषधानंतर बारा आण्यांचे चार आणे झाले का, हे रोज वहीत लिहावे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी औषधे, मध्यमला सौम्य अफूजन्य औषधे आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. तत्त्व असे की औषध शक्यतो तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे द्यावे. दुखू लागल्यावर गोळी शोधायची ही सवय इथे नडते. साधी मॉर्फिनची गोळी सुमारे चार तास चालते. म्हणून वेळ झाली की दुखत नसले तरी ती द्यायची असते.

मॉर्फिनचे नाव काढले की अफू, व्यसन आणि शेवट हे तीन शब्द घरात उच्चारले जातात. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन क्वचितच लागते. योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. उलट वेदना उतरलेला माणूस खातो, झोपतो, बोलतो. सुरुवातीचे काही दिवस झापड आणि मळमळ येऊ शकते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. म्हणून मॉर्फिनबरोबर शौचाला साफ होण्याचे औषध रोज लागतेच. गोळ्या एकदम बंद करू नयेत, मनाने वाढवू नयेत, बारा तास चालणारी गोळी कुटून देऊ नये आणि डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो आधी सांगावा, कारण मात्रा बदलते. रुग्णाला हाक मारूनही जाग येत नसेल किंवा श्वास फार मंद झाला असेल तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

हे औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर ते ठेवण्यासाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागू लागले आणि अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या संस्थेला मॉर्फिनसह सहा आवश्यक औषधे ठेवता येतात. म्हणून मोठ्या रुग्णालयातून निघतानाच दोन गोष्टी विचाराव्यात: पुढची औषधे कुठून मिळतील आणि रुग्णाला प्रवास झेपत नसेल तर नातेवाइकाच्या हाती मिळतील का.

वेदनेशिवायचे त्रास

धाप लागत असेल तर पाठीमागे उशा किंवा लोड लावून रुग्णाला बसते करावे, खिडकी उघडावी, चेहऱ्यावर पंख्याचा वारा येऊ द्यावा. वाऱ्याच्या झुळकीने धाप खरोखर कमी होते. खोलीत गर्दी करू नये. ऑक्सिजनचा फायदा रक्तातला ऑक्सिजन कमी असेल तरच होतो.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, टाचा, खांदे, कुल्ले रोज उजेडात पाहावेत. कातडी लाल दिसली आणि दाबूनही लाली गेली नाही, तर जखम सुरू होत आहे असे समजावे. लालीवर चोळू नये. त्या जागेवरचा भार काढावा. हवेची गादी मिळाली तरी कूस बदलणे चुकवू नये.

जखमेला दुर्गंधी येत असेल तर घरातली माणसे नकळत लांब होतात आणि रुग्णाला ते कळते. हा वास औषधाने कमी होतो. मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकण्याची पद्धत पॅलिएटिव्ह केअरमध्ये सर्रास वापरली जाते. ती परिचारिकेकडून एकदा शिकून घ्यावी. तोंड दिवसातून अनेकदा मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने स्वच्छ करावे, ओठांना तूप किंवा व्हॅसलिन लावावे.

खाण्यावरून सर्वांत जास्त ओढाताण होते. आजार पुढे गेल्यावर भूक मंदावते, ती शरीराचीच गती असते. पेज, ताक, मऊ भात, मुगाचे वरण, मागितला तर चहाचा घोट, असे थोडे थोडे रुग्णाच्या मर्जीने द्यावे. शेवटच्या दिवसांत ‘निदान सलाइन तरी लावा’ असा आग्रह प्रेमापोटी होतो. त्या अवस्थेत शरीराला ते पाणी पेलत नाही. अंगावर सूज येते, छातीत पाणी साठते, घरघर वाढते. कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करणे त्यापेक्षा सुखाचे असते. भरवण्याची माया पाय चेपून देण्यात, केस विंचरण्यात, जवळ बसण्यात उतरवता येते.

सांगायचे की लपवायचे

‘बापूंना काही सांगू नका’ हे वाक्य डॉक्टरांच्या खोलीबाहेर नेहमी ऐकू येते. लपवण्यामागे काळजी असते, पण रुग्णाला बहुधा अंदाज आलेला असतो. तो घरच्यांसाठी गप्प राहतो आणि घरचे त्याच्यासाठी. या गप्प राहण्यात सातबाऱ्यावरच्या नावांचे, सोसायटीच्या कर्जाचे, धाकट्या लेकीच्या लग्नाचे बोलणे राहून जाते. क्षमा मागणे आणि निरोप घेणेही राहून जाते. सगळे एकदम सांगण्याची गरज नसते. ‘आबा, दुखण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं? डॉक्टरांना काही विचारायचंय का?’ एवढ्याने सुरुवात होते. रुग्णाला जेवढे जाणून घ्यायचे असेल तेवढेच, खरे आणि मऊ शब्दांत सांगावे. हा संवाद जड वाटत असेल तर पॅलिएटिव्ह विभागातले डॉक्टर आणि समुपदेशक तो करून देतात. ते त्यांच्या कामातच येते.

सेवा करणाऱ्याचाही विचार करावा लागतो. बहुतेक घरांत हे काम एकटी सून, लेक किंवा बायको करते. तिला दिवसातून काही तास सुटी आणि रात्रीची अखंड झोप मिळेल अशी पाळी नातेवाइकांनी लावावी. भेटायला येणाऱ्याने सल्ल्याऐवजी दोन तासांची पाळी घेतली तर तिला खरी मदत होते.

ऊसतोडीचा हंगाम आणि घरचा आजारी

तेलगावला लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. तरीही बीड जिल्ह्यातली लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे घरात आजारी माणूस असला तरी कोयता थांबवता येत नाही. मागे राहतात म्हातारी माणसे आणि मुले. अशा घराने हंगामाआधीच तयारी करावी. औषधांचा तक्ता ठळक अक्षरात भिंतीवर लावावा. वाचता न येणाऱ्यासाठी सूर्य-चंद्राची चित्रे काढून गोळी तिथे चिकटवावी. महिनाभराची औषधे आधी आणावीत. आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या परिचारिकेला रुग्णाची अवस्था सांगून ठेवावी. गावात राहणाऱ्या एका जाणत्या माणसाकडे फाइल आणि डॉक्टरांचा नंबर द्यावा. रुग्ण बरोबरच निघाला असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि फाइलची प्रत सोबत ठेवावी.

सेवा कुठे मिळते

केंद्र सरकारने २०१२ साली पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून चालणाऱ्या उपकेंद्रांच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या बारा सेवांमध्येही वृद्धांची आणि उपशामक काळजी धरलेली आहे. त्यामुळे पहिली चौकशी गावाजवळच्या केंद्रात करावी, दुसरी बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. कॅन्सरच्या उपचारासाठी बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग १९९६पासून आहे. पुण्यात वारज्याला १९९७पासून चालणाऱ्या सिप्ला केंद्रात कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या नातेवाइकाला राहून ही सेवा विनामूल्य मिळते. घरची काळजी कशी घ्यायची, हे तिथे शिकवलेही जाते.

पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मान्यताप्राप्त रुग्णालयात केमोथेरपी आणि रेडिओथेरपी मिळते. कॅन्सर, पक्षाघात अशा आजारांच्या निराधार रुग्णांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. कॅन्सरच्या रुग्णांना एसटी आणि रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत.

निघण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

डिस्चार्ज घेताना पुढचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरे तिथेच लिहून घ्यावीत:

१. हा उपचार रोग बरा करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी?
२. येत्या आठवड्यांत कोणते त्रास वाढू शकतात आणि तेव्हा घरी काय करायचे?
३. रात्री-अपरात्री दुखणे वाढले तर जादा कोणती गोळी द्यायची?
४. कोणत्या लक्षणांसाठी रुग्णालयात आणायचे आणि कशासाठी धावाधाव करू नये?
५. गावाजवळच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी मिळेल का?

कायदा काय म्हणतो

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे इच्छामरण नव्हे. ती मृत्यू जवळ आणत नाही आणि ओढून-ताणून लांबही ढकलत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली, बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार काढून घेण्याचा मार्ग अटींसह मान्य केला. ९ मार्च २०१८च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली. २०२३च्या जानेवारीत त्याची पद्धत सोपी झाली. शुद्धीत असलेल्या कोणाही सज्ञान व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करून तो कागद नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करावा, आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या विश्वासू व्यक्तींची नावे त्यात लिहावीत आणि प्रती कुटुंबाकडे आणि डॉक्टरांकडे द्याव्यात. हा कागद करणे सक्तीचे नाही, पण त्यामुळे कठीण घडीला निर्णयाचा सगळा भार मुलांवर पडत नाही.

शेवटचे दिवस आणि त्यानंतर

अखेर जवळ आल्यावर झोप वाढते, हातपाय गार पडतात, श्वास कधी जोरात, कधी थांबून थांबून येतो, घशात घरघर होते. रुग्णाला एका कुशीवर वळवल्याने घरघर कमी होते. या वेळी घाईने गाडी काढून रुग्णालयाकडे धावल्यास पुष्कळ जणांचा शेवट रस्त्यात होतो. डॉक्टरांशी आधी बोलणे झालेले असेल तर ही धावपळ टळते. रुग्ण बोलत नसला तरी त्याला ऐकू येत असावे असे धरून बोलावे.

घरी मृत्यू झाल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा आणि २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करावी. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या ज्या संस्थेने दिल्या तिलाच परत कराव्यात. मागे राहिलेल्यांचे दुःख हाही पॅलिएटिव्ह केअरच्या व्याख्येचाच भाग आहे. दिवसपाणी उरकून पाहुणे गेल्यावर, ज्या बाईने महिनोन्‌महिने सेवा केली तिच्याकडे कोणीतरी पुन्हा जावे आणि तिचे ऐकून घ्यावे. तिची झोप-भूक अनेक आठवडे परत आली नाही तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते.